पावतीचा आग्रह

शाळा ही संस्था वस्तू जपण्याच्या बाबतीत गृहस्थापेक्षाही चिकट असते, आणि त्याच्या मुळाशी लोभ नसून हिशेब असतो. घरातला मोडका पंखा नकोसा झाला की त्याच दिवशी तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढू शकतो. परंतु शाळेतला पंखा मोडला तरी तो मालमत्ताच राहतो, त्याला क्रमांक असतो, जडसंग्रह नोंदवहीत त्याच्या नावाची एक ओळ असते, आणि ती ओळ रीतसर कमी होईपर्यंत त्या पंख्याला जागचे हलण्याची मुभा नसते. ई-कचऱ्याच्या प्रश्नावर व्याख्याने देणारी विद्वान मंडळी लोकांच्या अज्ञानापासून सुरुवात करतात. माझ्या अनुभवात मात्र या प्रश्नाचे पहिले टोक अज्ञानाजवळ सापडले नाही, ते लेखनिकाच्या टेबलावर सापडले.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत, विज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली. प्रयोगशाळेच्या मागे एक लांबट, एका खिडकीची खोली होती. तिला सगळे 'स्टोअर' म्हणत. शासनाच्या माहिती-तंत्रज्ञान योजनेतून 'बूट', म्हणजे ठेकेदाराने उभारून चालवावे आणि मग सोपवावे, या तत्त्वावर आलेले आणि ठेकेदाराची मुदत संपल्यावर शाळेच्या नावे झालेले संगणक, त्यांचे पाठीमागे फुगीर असलेले जुने काचेचे मॉनिटर, शाई वाळून गेलेले प्रिंटर, पोटे फुगलेल्या बॅटऱ्यांचे यूपीएस, कॅसेटी वाजवणारा टेपरेकॉर्डर, ध्वनिक्षेपकाचा जुना ॲम्प्लिफायर आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या निकामी ट्यूबलाइट, असा सगळा जामानिमा तेथे वर्षानुवर्षे साचत गेला होता. पावसाळ्यात त्या खोलीची एक भिंत ओली होई. त्या ओलीत पत्र्याला गंज चढे, बॅटरीच्या टोकांवर पांढरी-निळी बुरशीसारखी पूड धरे, आणि ते पाहूनही कोणी काही करू शकत नसे.

मुख्याध्यापिकाबाईंनी ही खोली रिकामी करण्याचे काम माझ्याकडे सोपवले, तेव्हा मी प्रथम आमच्या लेखनिकांकडे, म्हणजे शाळेच्या शिरस्त्याप्रमाणे सर्वजण ज्यांना भाऊसाहेब म्हणत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझे सारे म्हणणे, शिसे, पारा, जमीन, पाणी, भावी पिढी, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि चष्मा पुसत म्हणाले, "सर, वस्तू गेली तर एक वेळ चालेल, पण नोंद लटकता कामा नये. लेखापरीक्षक संगणक विचारतील तेव्हा मी त्यांना काय तुमचा पर्यावरणाचा तास दाखवू?" या प्रश्नावर हसू येणे सोपे आहे, परंतु त्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला तर भाऊसाहेब नकळत या साऱ्या विषयाचे सूत्रच सांगत होते असे दिसेल. वस्तू कोठे गेली याचा दाखला मागणारा मनुष्य आमच्या शाळेत एकच होता, आणि तो पर्यावरणवादी नव्हता.

मग रीतसर मार्ग धरला. निर्लेखनासाठी, म्हणजे वस्तू नोंदवहीतून रीतसर कमी करण्यासाठी, समिती नेमली. संगणक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून प्रत्येक यंत्राची तपासणी करून घेतली. यादी केली, शाळा समितीपुढे ठराव मांडला, आणि जे शासकीय योजनेतून आले होते त्याच्या निर्लेखनाची मंजुरी वरच्या कार्यालयाकडे मागितली. मंजुरी येण्यास जो विलंब लागला त्याची तक्रार मी येथे करीत नाही, कारण त्या विलंबाच्या काळातच खरे काम झाले. पुष्कळशा यंत्रांत एकच भाग बिघडलेला होता. एकाची मेमरी दुसऱ्यात, दुसऱ्याचा वीजपुरवठ्याचा डबा तिसऱ्यात बसवून काही संगणक पुन्हा चालू झाले आणि ग्रंथालयात नोंदी करण्यासाठी गेले. जी वस्तू दुरुस्त होऊ शकते ती पुनर्चक्रणासाठी देणे हा विवेक नव्हे, उतावळेपणा होय, हा धडा मुलांना पुस्तकाबाहेर मिळाला.

कायद्याची बाजू येथेच थोडक्यात सांगून टाकतो. आपल्या देशात ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम 2011 साली निघाले आणि 1 मे 2012 पासून अंमलात आले. जो उत्पादक वस्तू विकतो त्यानेच तिच्या अखेरच्या विल्हेवाटीची जबाबदारी उचलावी हे तत्त्व ई-कचऱ्यासाठी त्यांनी प्रथम आणले. 2016 च्या नियमांनी 'मोठा ग्राहक' कोणास म्हणावे याच्या व्याख्येत शैक्षणिक संस्थांचा नावानिशी उल्लेख केला. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत वस्तूंची यादी पुष्कळ वाढली, परंतु मोठा ग्राहक म्हणजे एका आर्थिक वर्षात किमान एक हजार नग वापरणारा, अशी नवी मोजपट्टी आली. साहजिकच आमच्यासारखी तालुक्याची शाळा त्या व्याख्येतून निसटली. कायद्याने सोडले म्हणून कर्तव्य सुटते असे नव्हे, परंतु कोणी विचारणारे उरले नाही की कर्तव्याला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते, एवढे खरे.

मुलांना समजावण्याचे काम मला सर्वांत सोपे गेले, आणि ते व्याख्यानाने झाले नाही. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नववीच्या वर्गातील इच्छुक मुलामुलींसमोर प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर एक मृत संगणक ठेवला, त्याची वीजजोडणी काढलेली आहे याची खातरजमा केली, आणि मागचे स्क्रू सोडवून बाजूचा पत्रा सरकवला. आत धुळीचा एक जाड थर होता. ब्रशने ती धूळ झाडल्यावर हिरव्या पाटीवर एक नाण्याएवढी चकचकीत बॅटरी दिसली. संगणक बंद असताना त्यातले घड्याळ कशावर चालते हा प्रश्न एका मुलीला बरेच दिवस पडला होता, त्याचे उत्तर तिला तेथे मिळाले. पंख्याखालचा जड, कंगव्यासारख्या दातांचा ठोकळा अल्युमिनियमचा. बाहेरचा सांगाडा लोखंडाचा. तारांच्या वेटोळ्यांत तांबे. जोडांवरच्या राखी थेंबांत कथील आणि, जुन्या यंत्रांत, शिसे. आणि मेमरीच्या पट्टीच्या कडेला जी पिवळी रेघ चमकत होती ते सोने. भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता लावलेलाच होता. मुले एकेक धातू तेथे जाऊन शोधू लागली, आणि जो तक्ता वर्षभर पाठ करूनही त्यांना परका वाटत असे तो एका टेबलावर मांडला गेला. वीजपुरवठ्याचा डबा मात्र मी उघडू दिला नाही, कारण त्यातील धारित्रांत वीज साठून राहिलेली असू शकते. आणि काचेच्या मॉनिटरला तर कोणी हातही लावायचा नाही असे बजावले, कारण त्याची नळी आतून निर्वात असते, फुटली तर काचा उडतात, आणि तिच्या काचेत शिसे मिसळलेले असते.

"सर, सोने किती निघेल?" हा प्रश्न येणारच होता. मी त्यांना तोक्योची हकीकत सांगितली. तेथील ऑलिंपिकच्या पदकांसाठी 2017 ते 2019 या काळात जपानी लोकांकडून जुनी उपकरणे गोळा करण्यात आली. सुमारे 79 हजार टन उपकरणे जमली, त्यांत 62 लाखांहून अधिक मोबाइल फोन होते, आणि त्या साऱ्यांतून सोने निघाले सुमारे 32 किलो, चांदी साडेतीन हजार किलो, आणि सुमारे पाच हजार पदके त्यातून घडली. 79 हजार टनांचे 32 किलो, हा भागाकार मुलांनी फळ्यावर करून पाहिला आणि सोन्याची चर्चा आपोआप थांबली. तेवढ्यासाठी आम्लात पाट्या बुडवणारे हात कोणाचे असतात, हे मग सांगता आले. दिल्लीतील सीलमपूर येथे हा माल कसा सुटा होतो, पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आणि म्हणून भट्टीचे काम पिढ्यानपिढ्या जाणणाऱ्या मुरादाबाद शहरात पाट्या कशा जाळल्या जात आणि त्यांची काळी राख रामगंगेच्या काठी कशी साठत गेली, हे मी सांगितले. लहान मुलांच्या शरीरात शिसे अगदी अल्प प्रमाणात गेले तरी मेंदूच्या वाढीस बाधा होते, हेही सांगितले. वर्गात कोणी काही बोलले नाही; परंतु सोमवारी निम्मी मुले घरून काही ना काही जुने यंत्र घेऊन आली, आणि आमची खरी अडचण तेव्हा सुरू झाली.

कारण मुलांनी आणलेली वस्तू मुलांची नसते. पालक-शिक्षक संघाच्या सभेत एका शेतकरी पालकांनी स्वच्छ विचारले, "सर, दारावर येणारा भंगारवाला रोख देतो. तुम्ही काय देता?" मी म्हणालो, "पावती." सभेत हशा पिकला, आणि तो रास्त होता. जगभर 2022 या एका वर्षात सुमारे 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील एक चतुर्थांशाहून कमी भाग नोंद ठेवून, रीतसर गोळा झाला, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांच्या अहवालात आहे. परंतु टनांची ही भाषा ज्याच्या हातात शंभराची नोट पडणार आहे त्याच्यापुढे चालत नाही. लोकांना समजत नाही असे मुळीच नव्हते. त्यांचा हिशेब आमच्या हिशेबाहून निराळा होता, आणि तो अधिक रोखठोक होता.

त्यातही एक अपवाद मला त्या सभेतच दिसला. घरोघरच्या इन्व्हर्टरची किंवा ट्रॅक्टरची शिशाची बॅटरी कोणी नाल्यात टाकत नाही; ती दुकानात परत जाते, कारण जुनी दिली की नवीच्या किमतीतून रक्कम वजा होते, आणि विक्रेत्याने ती परत घ्यावी असे नियमही 2001 साली निघाले होते. आमच्या स्टोअरमधील यूपीएसच्या बॅटऱ्या अशाच बॅटरीवाल्याने बिनतक्रार उचलल्या. ज्या वस्तूच्या परतीची किंमत विक्रीच्या वेळीच ठरलेली असते, तिच्यासाठी प्रबोधनाची गरज पडत नाही. 2016 च्या नियमांत अनामत घेऊन परत करण्याच्या योजनेची तरतूद होती. आमच्या गावच्या बाजारपेठेत मात्र ती कोणी राबवलेली माझ्या पाहण्यात आली नाही.

वस्तू न देण्यामागे पैशाखेरीज दुसरे एक कारण होते आणि ते सभेत कोणी बोलले नाही. ते नंतर, एकेकट्याने, व्हरांड्यात सांगितले गेले. एका विद्यार्थ्याच्या आईंनी जुना फोन पिशवीतून काढला आणि म्हणाल्या, "द्यायचा आहे हो सर, पण ह्यात सासऱ्यांचे फोटो आहेत." पुष्कळशा घरांत कपाटातल्या डब्यात पडलेले फोन हे आळसामुळे पडलेले नसतात, त्यांत माणसे असतात, किंवा बँकेचे कागद, किंवा जे दुसऱ्याच्या हाती पडू नये असे काही असते. यावर आमच्या संगणक शिक्षिकांनी तजवीज काढली. दहावीच्या परीक्षेतून मोकळ्या झालेल्या मुलांना हाताशी घेऊन त्यांनी, मालकाच्या समक्ष, फोटो नव्या फोनवर किंवा कार्डावर उतरवून द्यायचे, सिम आणि मेमरी कार्ड काढून परत करायचे, खाते बंद करायचे आणि मग फोन पूर्ण पुसायचा, असा क्रम घालून दिला. जे फोन सुरूच होत नव्हते त्यांच्यासाठी एसटी स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याने आपली दुपारची वेळ दिली. विश्वास बसला तसे डबे रिकामे होऊ लागले. पत्रकांनी जे झाले नसते ते या कामाने झाले.

भंगारवाल्याविषयी बोलल्याशिवाय हे कथन प्रामाणिक होणार नाही. आमच्या आठवीच्या वर्गातील एका मुलीच्या वडिलांचे गावात भंगाराचे दुकान होते, आणि परिपाठात ई-कचऱ्यावर भाषणे होऊ लागली तेव्हा ती मुलगी खाली मान घालून बसते, हे माझ्या एका सहकारी बाईंनी माझ्या नजरेस आणले. त्या संध्याकाळी मी त्यांच्या दुकानी गेलो. काट्याजवळ तांब्याच्या तारांची दोन भेंडोळी पडली होती, एक लालसर लखलखीत, दुसरे काळवंडलेले. त्यांनी दोन्ही उचलून दाखवली. "हे सोललेले, हे जाळलेले. जाळलेल्याला भाव कमी मिळतो सर, ते आम्हालाबी ठाऊक आहे. पण सोलायला माणूस लागतो, दिवस मोडतो." मॉनिटरचे काय करता असे विचारल्यावर ते म्हणाले की मागची मान तोडली की तांब्याचे वेटोळे निघते, काच कोणी घेत नाही. काच कोठे जाते हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दुकानाच्या मागे ओढा होता.

त्या ओढ्याकडे पाहताना मला भंगाराच्या भावाचे अर्थशास्त्र उमगले. अधिकृत कारखान्याला धूर गाळावा लागतो, सांडपाणी शुद्ध करावे लागते, कामगाराला हातमोजे द्यावे लागतात, आणि ज्याला भाव नाही अशा काचेचीही व्यवस्था लावावी लागते. भंगाराच्या व्यापारात हा सर्व खर्च ओढा सोसतो, म्हणून रोख रक्कम अधिक देणे परवडते. पालकांच्या हाती पडणारी ती जादा नोट शेवटी गावाच्या पाण्याच्या खात्यावर खर्ची पडत असते. हे मी त्यांना कोणताही दोष न देता सांगितले, कारण व्यापाराची ही रीत त्यांनी निर्माण केलेली नव्हती. पुढे त्यांचाच काटा, त्यांचाच टेम्पो आणि त्यांचीच मालाची पारख आमच्या उपयोगी पडली. घरोघरून माल आणण्याची मजुरी शाळेने त्यांना दिली, मात्र माल फोडायचा नाही अशी बोली केली, आणि ती त्यांनी पाळली. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था अशाच प्रकारे जुन्या वस्तूंच्या संकलनाची मोहीम चालवते. ज्यांच्या हातांना या कामाची सवय आहे त्यांना वगळून कोणतीही व्यवस्था टिकत नाही, हे तेथेही दिसून येते. परिपाठात त्या मुलीने पुढे तांब्याच्या दोन भेंडोळ्यांचा फरक स्वतः सांगितला.

संस्थेच्या एका विश्वस्तांची सूचना अशी होती की वर्गावर्गांत स्पर्धा लावावी आणि ज्या वर्गाचे वजन अधिक भरेल त्यास ढाल द्यावी. हेतू चांगला होता, आणि अशा स्पर्धा पुष्कळ ठिकाणी होतात. आम्ही ती नम्रपणे नाकारली. वजनाला बक्षीस लावले की मूल घरातला चालू रेडिओसुद्धा मोडीत काढायला निघते, ज्याच्या घरी अधिक वस्तू तोच अधिक पर्यावरणप्रेमी ठरतो, आणि ज्या घराने एकच फोन वर्षानुवर्षे दुरुस्त करून वापरला ते घर शेवटच्या क्रमांकावर जाते. त्याऐवजी कोणती वस्तू किती वर्षे वापरली याची नोंद मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहिली, आणि ती यादी फलकावर लागली. एका आजोबांचा रेडिओ तिच्यात सर्वांत वर होता, आणि तो अजून चालू होता.

माल उचलण्यासाठी अधिकृत पुनर्चक्रणकर्त्याची गाडी पुण्याकडून येणार होती, आणि गाडीभर माल असल्याखेरीज तिने एवढे अंतर यावे अशी अपेक्षा करणे रास्त नव्हते. यास्तव आसपासच्या शाळांना पत्रे लिहिली. काही आल्या, काहींनी आपापल्या नोंदवहीची अडचण सांगितली, आणि त्या अडचणीवर आमच्या भाऊसाहेबांनी, आता स्वतःच उत्साहाने, ठरावाचा नमुना पाठवून दिला. गाडी येईपर्यंतच्या काळात मोबाइलच्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून, फुगलेल्या वेगळ्या काढून, त्या कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवल्या. ट्यूबलाइट, ज्यांत पारा असतो, त्यांच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात उभ्या बांधल्या. आणि जड उचलण्याचे काम मुलांकडे दिले नाही. गाडी भरल्यावर मालाच्या प्रकारवार वजनाचा कागद मिळाला, त्यावर कारखान्याच्या नोंदणीचा क्रमांक होता. पुनर्चक्रण झाल्याचे प्रमाणपत्र काही काळाने टपालाने आले. रक्कम मिळाली ती भंगाराच्या भावाने मिळाली असती त्याहून कमी होती, आणि ती जमाखर्चात तशीच दाखवली. भाऊसाहेबांनी तो कागद नोंदवहीत डकवला, प्रत्येक ओळीपुढे लाल शाईने 'निर्लेखित' असा शेरा मारला, आणि त्याची एक प्रत पालकांसाठी सूचना फलकावर लावण्यास सांगितले. ही कल्पना माझी नव्हती, त्यांची होती. पुढच्या वर्षी पालकांकडून येणाऱ्या वस्तू त्या कागदामुळे अधिक आल्या, असे माझे मत आहे. कारण ज्यांनी दिले त्यांना आपले दिलेले कोठे पोचले ते वाचता आले.

या अनुभवातून माझा निष्कर्ष झाला तो असा, की शाळेने या कामाचा उत्सव करू नये, शिरस्ता करावा. 14 ऑक्टोबर हा दिवस जगभर ई-कचऱ्याचा दिवस म्हणून पाळला जातो, आणि आपल्याकडे तो सहसा दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास येतो. माळे आणि कपाटे तेव्हा उघडतातच. वार्षिक नियोजनात त्या सुमाराचा एक आठवडा राखून ठेवावा, शेजारच्या शाळांशी गाडीची वेळ आधीच ठरवावी, दुरुस्तीचे आधी आणि देण्याचे नंतर, हा क्रम मोडू नये, आणि पुनर्चक्रणकर्त्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे की नाही हे पाहिल्याशिवाय एक तारही बाहेर देऊ नये. पालकांना माझी विनंती एवढीच आहे: शाळेने तुमची जुनी वस्तू मागितली तर ती अवश्य द्यावी, परंतु वस्तू घेऊन शाळेने तिचे काय केले याचा कागद शाळेकडे मागावा. जी शाळा तो कागद दाखवू शकत नाही, तिच्यापेक्षा तुमच्या घरचे कपाट बरे.